बजेट गेमिंग पीसी: कॅबिनेटबरोबर मिळणारा ५०० वॉटचा एसएमपीएस चालेल का?

नऱ्हे_सेकंडइयर

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नऱ्ह्यात मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. घरून ५५ हजार मिळालेत, त्यात गेमिंग पीसी असेंबल करायचाय. मॉनिटर भावाचा जुना आहे, तो खर्च नाही. आत्तापर्यंत ठरलंय ते असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी.

पुण्यात टिळक रोडला दोन-तीन दुकानं फिरून आलो. एका ठिकाणी कॅबिनेट घेतलं की ५०० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, आतच बसवलेला मिळतो, वेगळे पैसे नाहीत. तुझ्या पीसीला ३०० वॉटसुद्धा लागणार नाहीत, ५०० पुष्कळ झाले, असं दुकानदार काकांचं म्हणणं. वेगळा ब्रँडेड घ्यायचा तर साडेतीन-चार हजार जातात. ते वाचले तर कार्ड एक पायरी वरचं बघता येईल.

तर घेऊ का तो? ब्रॉन्झ आणि गोल्ड असं लिहिलेल्या एसएमपीएसमध्ये खरंच किती फरक पडतो? आणि यूपीएस लागेलच का?

सर्किटवाला

३०० वॉटचा हिशोब काकांनी बरोबर केलाय. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो, आरएक्स ६६०० चं पूर्ण कार्ड १३२ वॉट. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, पंखे मिळून चाळीस-पन्नास धर. म्हणजे २६० च्या आत सगळं बसतं.

गडबड त्या ५०० च्या आकड्यात असते. एसएमपीएसच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तेव्हा पाहायचा तो +१२ व्होल्टखालचा अँपिअरचा आकडा. त्याला बाराने गुणलं की तुझ्या कामाचे वॉट किती ते कळतं. दुकानात परत जाशील तेव्हा त्या स्टिकरचा फोटो काढून आण. मागची बाजूही बघ, तिथे ११५/२३० लिहिलेलं लाल बटण आहे का.

नऱ्हे_सेकंडइयर

दादा, आजच जाऊन आलो. फोटो चढत नाहीये म्हणून टाइप करतो. +३.३ व्होल्ट २० अँपिअर, +५ व्होल्ट २५ अँपिअर, +१२ व्होल्ट १६ अँपिअर, −१२ व्होल्ट ०.५ अँपिअर, +५ व्होल्ट स्टँडबाय २ अँपिअर. लाल बटण आहे.

सर्किटवाला

आता कागदावर मांड. १२ × १६ = १९२ वॉट. तुला लागणार २६०. म्हणजे पूर्ण लोडवर हा आपल्याच स्टिकरच्या बाहेर जाणार. पुढे बघ: ३.३ ची लाइन ६६ वॉट, ५ ची १२५, उणे १२ ची ६, स्टँडबायचे १०. सगळ्यांची बेरीज ३९९. त्याच्याच स्टिकरवरच्या सगळ्या लाइनी एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालल्या असं धरलं, जे बहुतेक शक्यच नसतं, तरी ४०० पूर्ण होत नाहीत. मग ५०० आले कुठून? ते फक्त बॉक्सवर छापलेत.

चांगल्या ४५० वॉटच्या युनिटवर १२ व्होल्टपुढे ३६-३७ अँपिअर असतात, म्हणजे ४३० ते ४४५ वॉट. जवळजवळ सगळी ताकद त्या एका लाइनवर. ५ आणि ३.३ व्होल्टवर भर देणारी रचना पंचवीसेक वर्षांपूर्वीची, तेव्हा प्रोसेसरसुद्धा ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे. आजच्या पीसीला तिचा काही उपयोग नाही.

लाल बटणाचं कारण: ज्यांच्यात अ‍ॅक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन (भिंतीतली वीज एकसारखी ओढायची सोय) असतं त्यांना सहसा हे बटण लागत नाही. बटण दिसलं की आतलं सर्किट जुन्या, स्वस्त पद्धतीचं आहे असं समजायला हरकत नाही. शिवाय सफाई करताना कुणाच्या बोटाने ते चुकून ११५ वर सरकलं आणि आपल्या २३० वर चालू केलं, तर जागेवर फटाका.

अजून एक सांग, त्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डची आठ पिनची वायर आहे का?

नऱ्हे_सेकंडइयर

नाही. काका म्हणाले कन्व्हर्टर देतो, दोन मोलेक्समधून, म्हणजे जुन्या चार पिनच्या कनेक्टरमधून, आठ पिन निघते.

सर्किटवाला

ते करू नकोस, कुठल्याही परिस्थितीत नको. आठ पिनचा कनेक्टर १५० वॉटसाठी ठरवलेला आहे आणि त्यात १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर एकच. अशा दोन वायरींवर, त्याही बारीक, कार्डाचा भार टाकला की प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं. चांगल्या युनिटच्या वायरीवर बारीक अक्षरात १८ एडब्ल्यूजी (वायरीच्या जाडीचं माप) छापलेलं सापडेल. हा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक, त्यामुळे तिथे २० किंवा २२ दिसलं तर ठेवून दे.

निवृत्त_लिपिक

मी जरा वेगळं मत मांडतो. आमच्या कार्यालयात सगळे संगणक असल्याच एसएमपीएसवर चालत होते आणि वर्षानुवर्षं चालले. माझा घरचाही तसाच आहे. मुलांना विनाकारण घाबरवून चार हजार खर्च करायला लावू नये असं वाटतं. विद्यार्थ्याला ती रक्कम थोडी नाही.

सर्किटवाला

काका, तुमचा अनुभव खरा आहे. कार्यालयातला संगणक वेगळं कार्ड नसताना साठ-ऐंशी वॉटवर चालतो. १९२ वॉटचा एसएमपीएस तिथे निम्म्यावरही जात नाही, म्हणून टिकतो. तुमच्या घरच्यालाही हात लावायची गरज नाही. या मुलाचा पीसी गेम चालू असताना तासन्‌तास अडीचशेवर राहणार. शिवाय ग्राफिक्स कार्ड वीज एकसारखी घेत नाही, क्षणभर छापील आकड्याच्या बऱ्याच वर उडी मारतं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात तर १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट भाराची उडी सोसता आली पाहिजे असं लिहिलंय. मोठ्या कार्डांमुळे ते करावं लागलं. आरएक्स ६६०० साठी एटीएक्स ३.० चाच हट्ट धरायला नको, पण असल्या उड्या हे युनिट झेलणार नाही.

हडपसरची_एडिटर

ब्रॉन्झ-गोल्डबद्दल मी लिहिते, कारण व्हिडिओ एडिटिंगसाठी माझा पीसी दिवसभर चालू असतो आणि घेताना मी हा हिशोब नीट केला होता.

८० प्लस हे वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र, ब्रॉन्झ-गोल्ड त्याच्या पायऱ्या. भिंतीतून घेतलेल्या शंभर वॉटपैकी किती वॉट पीसीपर्यंत पोचले, एवढंच ते सांगतं. निम्म्या लोडवर ब्रॉन्झ साधारण ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के. तुझ्या २६० वॉटला भिंतीतून ब्रॉन्झवर ३०६ वॉट लागतील, गोल्डवर २८९. फरक १७ वॉटचा. रोज चार तास खेळलास, वर्षभर खेळलास, तर पंचवीसेक युनिट वाचतील. युनिटला दहा रुपये धर, वर्षाचे अडीचशे झाले. गोल्डला दोन हजार जास्त मोजायचे तर ते फिटायला आठ वर्षं. तुझ्या बजेटला ब्रॉन्झच बरोबर आहे. माझ्यासारखं दहा-बारा तास वापरणाऱ्याने गोल्ड घ्यावा.

गोल्ड म्हणजे सुरक्षित, असं मात्र अजिबात धरून चालू नकोस. ही चाचणी २३ अंश तापमानात होते. एप्रिलमध्ये आपल्याकडे बाहेरच चाळीस असतं, कॅबिनेटच्या आत किती होत असेल? आणि भार वाढला तर युनिट वेळेवर बंद होतं का, हे ८० प्लस तपासतच नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या गोल्ड मॉडेलांचं काय झालं ते शोधून वाच. चाचणी करणाऱ्यांच्या टेबलावर युनिटं फुटली. ऑगस्टमध्ये कंपनीला निवेदन काढावं लागलं. जास्त भाराचं संरक्षण आधी १२० ते १५० टक्क्यांवर लागत होतं, ते ११० ते १२० वर आणलं, आणि ठरावीक सिरीयल नंबरची युनिटं बदलून दिली.

म्हणून बॉक्सवर पदकाचं नाव बघून थांबू नकोस, संरक्षणांची यादी वाच. ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, ओव्हर पॉवर हे बहुतेकांत असतं. ओव्हर टेंपरेचर स्वस्तात बऱ्याचदा गाळतात, आणि आपल्या उन्हाळ्याला तेच हवं. सायबेनेटिक्स नावाची चाचणी संस्था आहे, तिच्या साइटवर मॉडेल टाकलं की ११५ आणि २३० व्होल्ट दोन्हीवरचे निकाल बघता येतात, आवाजाचेसुद्धा. पैसे लागत नाहीत.

कर्वेनगर४११०५२

४५० की ५५० ते कुणी सांगितलंच नाही. आज ४५० पुरेल. एएमडी स्वतः आरएक्स ६६०० ला ४५० च सांगते. पण कार्ड दोन-तीन वर्षांनी बदलशील, एसएमपीएस तोच राहील. आरटीएक्स ४०६० अवघं ११५ वॉटचं असून एनव्हीडिया ५५० लिहिते, ४०७० असेल २०० वॉटचं तर ६५०. बाजारात कसलीही युनिटं असतात म्हणून कंपन्या हात राखून आकडा देतात. पाच-सातशेचा फरक असेल तर मी ५५० घेईन. ७५० च्या नादी लागू नकोस.

वॉरंटीचे आकडेही बोलके असतात. कॉर्सेअरच्या सीव्हीला तीन वर्षं, सीएक्सला पाच. कूलर मास्टरचा एमडब्ल्यूई ब्रॉन्झ व्ही२, एमएसआयचा ए५५०बीएन, यांनाही पाच. स्वतःच्या मालावर पाच वर्षं भरवसा आहे की नाही, ते कंपनीलाच जास्त ठाऊक.

पेठेतला_वायरमन

तुम्ही सगळे पीसीच्या आतलंच बोलताय. जरा भिंतीकडे बघा.

मी वाड्यांतून, जुन्या बिल्डिंगांतून वायरिंगची कामं करतो. निम्म्या ठिकाणी थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक नुसतंच असतं, मागे हिरवी वायरच नसते. मग लोक सांगतात, पीसीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब आहे, बदलून द्या. दुसरा आणतात, तरी झिणझिण्या तशाच.

कारण असं: प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजपासून पत्र्यापर्यंत एक आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत एक असे दोन छोटे कपॅसिटर. त्यांनी गोळा केलेला विजेतला कचरा (नॉइज) अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोन्हीच्या मधे लटकतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असल्याने माणूस दगावत नाही, पण एचडीएमआय लावताना ठिणगी उडते आणि पोर्ट जाऊ शकतो. आणि कधी आतलं इन्सुलेशन खरंच फुटलं, तर तोच पत्रा पूर्ण २३० वर येतो. तेव्हा वाचवायला हिरवी वायरच लागते.

भाड्याचा फ्लॅट असला तरी मालकाला सांगून वायरमन बोलाव. मीटर लावून तीन आकडे घ्यायला सांग. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ शंभर-दीडशे असं काहीतरी विचित्र आलं तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये घुसवणारे पाहिलेत मी, तसलं काही करू नका.

नऱ्हे_सेकंडइयर

वायरमन दादा, आमच्या रूममधल्या जुन्या लॅपटॉपच्या पत्र्याला खरंच झिणझिण्या येतात! रूममेटला वाटायचं चार्जर डुप्लिकेट आहे. उद्याच मालकांना फोन करतो.

पेठेतला_वायरमन

चार्जरमध्येही तसाच कपॅसिटर असतो. आधी सॉकेट तपासा, मग चार्जरला नावं ठेवा. बोर्ड उघडलेलाच असेल तर मेन स्विचजवळ आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का तेही बघून घ्या.

वारजे_बॅटरी

यूपीएसचं राहिलं. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते ती आधी कळते, तिचा त्रास नाही. पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याला झाडाची फांदी पडते आणि लाइट तीनदा ये-जा करते, ती वाईट.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असतं का बघ. नॉर्मलवर लाइट गेल्यावर पंखे-दिवे चालतात, पण पीसी रिस्टार्ट होतो, कारण बदलायला वेळ जास्त लागतो. लाइट गेल्यावर एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या जिवावर तग धरतो. एटीएक्स ३.० पर्यंतच्या मानकांप्रमाणे पूर्ण लोडवर ते सुमारे १६ मिलिसेकंद असायला हवं होतं. साधा यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून पीसीला कळतही नाही. फुकटच्या एसएमपीएसमध्ये तो कपॅसिटरच लहान टाकलेला असतो. मग चांगला यूपीएस असूनही पीसी बंद पडतो आणि लोक यूपीएसवाल्याशी भांडतात.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. तुझे भिंतीतले ३०६ आणि मॉनिटरचे पंचवीस-तीस धर, काठावर बसतंय, बॅटरी जुनी झाली की बीप करून बंद. गेम चालू असताना टिकायला हवा असेल तर हजार-अकराशे व्हीएचा घे. आज पैसे नसतील तर यूपीएस दिवाळीत घे, पण त्यासाठी एसएमपीएसमध्ये काटकसर नको.

कॅम्पातला_गेमर

सेकंडहँड? क्रिप्टो मायनिंग बंद केलेल्या एकाकडे ६५० वॉटचा गोल्ड अर्ध्या किमतीत आहे. नऱ्हेवाल्याला हवा असेल तर नंबर देतो.

सर्किटवाला

मी ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घेईन, एसएमपीएस घेणार नाही. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमानाने म्हातारे होतात. दहा अंश कमी-जास्त झाले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मं. मायनिंगमध्ये युनिट चोवीस तास भरलेलं चालतं, तेही कुठल्या तरी बंद खोलीत. बाहेरून त्यातलं काहीच दिसत नाही आणि उघडून बघणं धोक्याचं, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. त्यातून मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) असेल आणि मूळ वायरी हरवल्या असतील तर विषयच संपला. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, दुसऱ्या कंपनीची वायर बसली तरी लावायची नाही. १२ व्होल्ट भलत्या पिनवर गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जळते.

कर्वेनगर४११०५२

घेताना पक्कं जीएसटी बिल घे आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घे. कच्च्या बिलावर थोडे सुटतात, पण वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाले बिलच मागतात. ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन-तीनशे स्वस्त मिळेल, तरी एसएमपीएस मी टिळक रोडवरूनच घेईन. बिघडला तर बसने जाऊन काउंटरवर ठेवता येतो. मला एकदा बाहेरगावच्या दुकानाकडून बदलून घ्यायची वेळ आली, कुरिअर माझ्या खिशातून आणि महिनाभर पीसी बंद.

आणि दुकानदार काकांशी वाद घालायचा नाही. कॅबिनेट एसएमपीएसशिवाय द्या म्हणायचं, तेवढे पैसे कमी करतात.

नऱ्हे_सेकंडइयर

अपडेट देतो. एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ व्ही२ घेतला, पक्क्या बिलावर. काकांनी कॅबिनेटमधले साडेसहाशे खरंच कमी केले. अर्थिंगचंही झालं: आमच्या रूमच्या बोर्डात हिरवी वायर होती पण सॉकेटला जोडलेलीच नव्हती. मालकांनी पाठवलेल्या वायरमननी अर्ध्या तासात करून दिलं, फेज-अर्थ आता २२८ दाखवतंय. लॅपटॉपच्या झिणझिण्या गेल्या.

दोन शंका आहेत. वायरीचा प्लग जाड पिनांचा आला, टेबलाजवळच्या बोर्डात बसत नाही. आणि एसएमपीएसचा पंखा वर ठेवू की खाली?

पेठेतला_वायरमन

जाड पिन म्हणजे १६ अँपिअरचा प्लग. तुझा पीसी दीड अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे ६ अँपिअरच्या पिनची चांगली थ्री-पिन कॉर्ड तपकीर गल्लीत मिळेल, आयएसआय मार्क बघून घे. कन्व्हर्टर लावू नकोस, तो सैल पडतो आणि तिथेच तापतं.

सर्किटवाला

कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली, म्हणजे बाहेरची गार हवा आत घेईल. जाळी नसेल तर वर. खाली ठेवलास तर कॅबिनेट गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नकोस, जाळी बुजते. नऱ्ह्यात हायवेची धूळ आहेच, जाळीचा फिल्टर महिन्यातून एकदा झटक.

जोडताना बोर्डाची २४ पिन खट्‌ आवाज येईपर्यंत दाब. प्रोसेसरची चार अधिक चार पिन वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. ती आणि कार्डाची सहा अधिक दोन पिन दिसायला सारखी आहे, वायरीवरचं नाव वाचून लाव. सगळं झालं की हार्डवेअर मॉनिटरचं सॉफ्टवेअर टाकून गेम चालू असताना +१२ व्होल्टचा आकडा बघ. मानकाप्रमाणे ११.४ ते १२.६ चालतं. सॉफ्टवेअरचा आकडा ढोबळ असतो, शंका आली तर मीटरने मोजू.

नऱ्हे_सेकंडइयर

पंखा खाली लावला, जाळी आहे. तासभर गेम चालवला, १२.०५ वरून ११.९६ पर्यंत आलं, त्याखाली नाही. हात लावून पाहिला, एसएमपीएस कोमटसुद्धा नाही. कॉर्ड उद्या आणतो, तोपर्यंत किचनमधल्या मोठ्या सॉकेटवर चालू आहे.

पेठेतला_वायरमन

त्या सॉकेटवर मिक्सर किंवा इंडक्शन त्याच वेळी लावू देऊ नका. कॉर्ड उद्या नक्की आण.